कापसाचा पुरवठा : दीड शतकाची चाल (वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे)

गेल्या अंकात आम्ही महाराष्ट्रातील कापसावर एक छोटे टिपण छापले होते. लागवड चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास असूनही देशातील सूतगिरण्या परदेशी रुई (सरकी काढलेला कापूस) का मागवतात, हा त्याचा विषय होता. त्यावर विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातून, तसेच इचलकरंजी आणि पुण्याहूनही पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. एकाच मुद्द्यावरची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या घरी पूर्वी एकरी दीड-दोन क्विंटल कापूस निघायचा, असे वडील सांगत. आज चार-पाच क्विंटल निघतो, तरीही कापसाचे उत्पादन अडखळले आहे असे तुम्ही म्हणता. शिवाय प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा दिसतो. खरे काय मानावे? (एक वाचक, वणी, जि. यवतमाळ)

उत्तर : आपल्या वडिलांची आठवण सरकारी आकड्यांशी चांगली जुळते. राज्याच्या आर्थिक पाहणीनुसार १९६०-६१ मध्ये महाराष्ट्रात २५ लाख हेक्टरांवर कापूस होता आणि हेक्टरी ११४ किलो रुई मिळाली होती. रुईचा उतारा, म्हणजे कापसातून निघणाऱ्या रुईचे प्रमाण, ३४ टक्के धरला, तर हे उत्पादन एकरी साधारण एक क्विंटल पस्तीस किलो कापूस इतके होते. आता पुढचे आकडे पाहावेत. १९८०-८१ मध्ये हेक्टरी ८२ किलो, १९९०-९१ मध्ये ११७ किलो आणि २०००-०१ मध्ये पुन्हा १०० किलो. म्हणजे संकरित वाण आले, रासायनिक खते आली, कृषी विद्यापीठे उभी राहिली, तरीही राज्याची सरासरी चाळीस वर्षे एकाच जागी घुटमळत राहिली. त्या काळात पुरवठ्यात जी थोडीबहुत वाढ झाली, ती मुख्यतः क्षेत्र ३१ लाख हेक्टरांच्या घरात गेल्यामुळे झाली. त्यानंतरच्या एका दशकात मात्र चित्र पालटले. २०१०-११ मध्ये क्षेत्र ३९ लाख हेक्टरांवर पोहोचले आणि उत्पादकता हेक्टरी ३२२ किलोंवर, म्हणजे एकरी सुमारे पावणेचार क्विंटल कापसावर गेली. त्यापुढील वर्षांत हा आकडा पावसाप्रमाणे वरखाली होत राहिला. त्याने पुढची पायरी गाठलेली नाही. आम्ही अडखळणे म्हटले ते या अर्थाने.

दीर्घ पल्ल्याची चाल पाहताना एका वर्षाची दुसऱ्या एका वर्षाशी तुलना करण्याचा मोह टाळलाच पाहिजे. १९७०-७१ हे वर्ष घ्यावे. त्या वर्षी राज्यात साडेसत्तावीस लाख हेक्टरांवर कापूस पेरला गेला आणि हेक्टरी अवघी ३० किलो रुई हाती आली. हे वर्ष पायाभूत धरणारा माणूस पुढे काहीही सिद्ध करू शकेल. कोरडवाहू पिकाच्या बाबतीत निदान पाच वर्षांची सरासरी घेतल्याशिवाय चढ-उतारांविषयी बोलू नये, असे माझे ठाम मत आहे.

आकडे वेगळे दिसण्याची कारणे साधी आहेत. कृषी विभागाचा अंदाज पीक कापणी प्रयोगांवर आधारलेला असतो, तर वस्त्रोद्योग मंत्रालयाची समिती आणि व्यापाऱ्यांची संघटना बाजारातील आवक, जिनिंगमध्ये (सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात) दाबलेल्या गाठी आणि गिरण्यांचा खप यांवरून मागे मोजत येतात. कापसाचे वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर असे चालते, हेही अनेक लेखांत विसरले जाते. गाठीचे वजनही नेहमी सारखे नव्हते. आजची भारतीय गाठ १७० किलोंची आहे, जुन्या अहवालांतील गाठ ३९२ किंवा ४०० पौंडांची आहे आणि अमेरिकेची गाठ ४८० पौंडांची. महाराष्ट्रापुरती आणखी एक अडचण आहे. १९७२ पासून सुमारे तीन दशके राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती आणि शेतकऱ्याने आपला कापूस पणन महासंघालाच द्यावा, असा कायदा होता. शेजारच्या राज्यांत भाव चढा असला की कापूस सीमेपलीकडे जाई आणि आपल्याकडे हमीचा भाव चढा असला की पलीकडचा कापूस आपल्या केंद्रांवर येई. त्यामुळे त्या काळातील खरेदीचा आकडा म्हणजेच उत्पादनाचा आकडा, असे समजून चालत नाही.

प्रश्न : वऱ्हाडचा कापूस एके काळी थेट लँकेशायरला जात असे, असे वाचले. हा पुरवठा कसा उभा राहिला आणि पुढे त्याचे काय झाले? (इतिहासाची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : वऱ्हाडात कापूस पूर्वापार होता, परंतु तो दूरच्या बाजारासाठी इतक्या मोठ्या प्रमाणावर पिकू लागला त्यामागे दोन घटना आहेत. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेनाशी झाली आणि मुंबईच्या बाजारात भाव भडकले. युद्ध संपताच ते कोसळले, मुंबईतील अनेक पेढ्या बुडाल्या. पण मधल्या काळात वऱ्हाडात जे बदल झाले ते टिकले. लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला, १८७० मध्ये खामगावला फाटा जोडला गेला, रुई दाबण्याचे कारखाने निघाले आणि १८७७ मध्ये नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कारंजा येथे १८८६ मध्ये नियमित बाजार स्थापन झाला, तो देशातील पहिला मानला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदाच झाला. आजच्या बाजार समित्यांची पाळेमुळे अशी कापसाच्या व्यवहारात आहेत.

आपण इतिहासाच्या अभ्यासक आहात म्हणून प्रतीविषयी थोडे अधिक सांगतो, कारण मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हिंगणघाट परिसरातील बनी नावाचा देशी कापूस बारीक आणि मऊ धाग्यासाठी नावाजलेला होता. त्याच्या शेजारी जरी नावाचा आखूड, भरड धाग्याचा कापूसही पिके, आणि त्याचा उतारा व उत्पन्न दोन्ही जास्त असे. बाजार वजनावर पैसे देत होता आणि प्रतीला मिळणारा जादा भाव तुटपुंजा होता, त्यामुळे शेतकरी हळूहळू जरीकडे वळला. गुणवत्ता वाढवण्यासाठी सरकारने नेमलेले कापूस आयुक्तही हा बदल थांबवू शकले नाहीत. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपान या आखूड धाग्याचा मोठा गिऱ्हाईक झाला आणि भरड कापसाला बाजारपेठ मिळाली. १९३३ मध्ये जपानी गिरण्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार टाकला, तेव्हा एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेल्या या पुरवठ्याची नाजूक बाजू उघडी पडली.

फाळणीनंतर प्रश्नच उलटा झाला. लांब आणि मध्यम धाग्याचा कापूस पिकवणारे सिंध आणि पश्चिम पंजाब पाकिस्तानात गेले, गिरण्या मात्र मुंबई आणि अहमदाबादेत राहिल्या. त्या वेळी भारताच्या कापूस क्षेत्रापैकी सुमारे ९७ टक्के देशी जातींखाली होते. १९५०-५१ मध्ये देशाचे उत्पादन ३० लाख गाठींच्या आसपास होते आणि गिरण्यांना हवा तसा धागा त्यात पुरेसा नव्हता. पुढच्या अर्धशतकाचे संशोधन अमेरिकन जातीच्या लांब धाग्याच्या मागे का लागले, हे यावरून समजते.

प्रश्न : क्षेत्र आपले सर्वांत जास्त, मग गाठी गुजरातच्या जास्त कशा? पाणी हेच कारण असेल, तर मग करण्यासारखे काही उरतच नाही. (एक शेतकरी, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : पाणी हे मोठे कारण आहे, पण एकमेव नाही, आणि या दुसऱ्या भागाविषयी मला सविस्तर लिहायचे आहे.

आधी पाण्याचे पाहू. २०१३-१४ हे देशाच्या विक्रमी उत्पादनाचे वर्ष, तेव्हा देशात सुमारे ३९८ लाख गाठी झाल्या. त्यांत गुजरातने सुमारे २५ लाख हेक्टरांतून १२४ लाख गाठी दिल्या आणि महाराष्ट्राने सुमारे ४२ लाख हेक्टरांतून ८४ लाख. गुजरातच्या कापसाच्या मोठ्या भागाला बोंडे भरण्याच्या काळात एक-दोन तरी पाणी मिळते. सौराष्ट्रातील बांध-बंधारे आणि नर्मदेचे कालवे यांचा त्यात वाटा आहे. आपल्याकडे मात्र ९५ टक्क्यांच्या आसपास कापूस केवळ पावसावर येतो.

आता झाडाचे वेळापत्रक पाहावे. आपण जूनच्या मध्यात पेरणी करतो. पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जातो. संकरित वाण एकशे ऐंशी दिवसांपासून दोनशे दिवसांच्याही पुढे शेतात उभा राहतो आणि त्याची बोंडे भरण्याचा मुख्य काळ सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत येतो. म्हणजे झाडाला सर्वांत जास्त ओल हवी, नेमके तेव्हाच जमीन सुकत असते. आपल्या तालुक्यासारखी पूर्णा खोऱ्याची खोल काळी जमीन ही ओल बराच काळ धरून ठेवते, पण यवतमाळच्या माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो आणि तेथील झाड ऑक्टोबरअखेरीसच पाने लाल करून बसते. राज्याची सरासरी पडते ती अशा हलक्या जमिनींवर.

जगात इतरत्र कापूस हा सरळ (म्हणजे संकरित नसलेल्या, घरची सरकी पुन्हा पेरता येणाऱ्या) वाणांचा, दाट पेरलेला, साधारण साडेपाच महिन्यांत उरकणारा आणि एका झाडावर मोजकीच बोंडे घेणारा असतो. तेथे हेक्टरी झाडे लाखाच्या घरात असतात. आपण ९० बाय ६० सेंटिमीटरवर सरकी टोकतो, तेव्हा हेक्टरी साडेअठरा हजार झाडे बसतात. कमी झाडांवर तेवढेच उत्पादन घ्यायचे तर प्रत्येक झाडाने जास्त बोंडे द्यायला हवीत आणि त्यासाठी ते जास्त दिवस उभे राहायला हवे. ब्राझीलचा बहुतांश कापूस पावसावर येतो आणि तरीही तेथे हेक्टरी सतराशे-अठराशे किलो रुई निघते. तेथील पाऊस आपल्याहून अधिक आणि अधिक दिवस पडणारा आहे, हे मान्य करूनही हा फरक केवळ ढगांच्या माथी मारता येत नाही.

आपण असे का करतो, याचे उत्तर बियाण्याच्या अर्थकारणात आहे. १९७० मध्ये सुरत येथील संशोधन केंद्रात तयार झालेला एच-४ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस. पुढे अकोल्याचा पीकेव्ही हायब्रीड-२ आणि नांदेडचा एनएचएच-४४ यांनी आपल्या राज्यातही संकरित वाण रुजवले. शास्त्राच्या दृष्टीने हे यश मोठेच होते. परंतु संकरित सरकी हातांनी फुले परागित करून तयार करावी लागते, म्हणून ती महाग असते. महाग म्हणून विरळ पेरली जाते. आणि घरची सरकी पुढच्या वर्षी वापरता येत नाही, म्हणून दरवर्षी विकत घ्यावी लागते. कंपन्यांना हा व्यवहार सोयीचा होता. भारी, बागायती जमिनीवर संकरित वाण शोभतोही. हलक्या कोरडवाहू जमिनीवर मात्र त्याने पिकाचे घड्याळ पावसाच्या घड्याळापासून दूर नेले आणि मला विचाराल तर महाराष्ट्राच्या पुरवठ्याची गेल्या पन्नास वर्षांतील मुख्य अडचण हीच आहे.

म्हणून, करण्यासारखे काही उरत नाही, हे आपले वाक्य मला मान्य नाही. ९० बाय १५ सेंटिमीटरवर लवकर येणारा वाण घेतला, तर हेक्टरी सुमारे ७४ हजार झाडे बसतात. प्रत्येक झाडावर आठ-दहा बोंडे पुरतात आणि ती ओल संपण्याच्या आत भरतात. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था ही सघन लागवड बरीच वर्षे मांडत आहे आणि अकोला जिल्ह्यात ती शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर करून पाहिली आहे. झाड माजू नये म्हणून वाढरोधक फवारावे लागते आणि पेरणी एकसारखी साधावी लागते, एवढे लक्षात ठेवावे. २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या पाच वर्षांच्या कापूस उत्पादकता अभियानाने हलक्या जमिनीसाठी सरळ वाणांचे स्वस्त बियाणे पुरवले, तर त्याचा खर्च सत्कारणी लागेल.

प्रश्न : २००२ नंतरची वाढ बीटी कापसामुळे झाली, असे एक बाजू सांगते आणि दुसरी बाजू ते साफ नाकारते. सामान्य वाचकाने काय समजावे? (एक निवृत्त शिक्षक, जळगाव)

उत्तर : वर्षे एकापुढे एक मांडून पाहिली की पुष्कळ उलगडा होतो. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाच्या, म्हणजे बोंडअळीला मारक विषद्रव्य तयार करणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या कापसाच्या, पहिल्या तीन संकरित वाणांना परवानगी मिळाली. २००२-०३ मध्ये देशात १३६ लाख गाठी झाल्या आणि दोनच वर्षांनी, २००४-०५ मध्ये, २४३ लाख. मात्र २००४-०५ मध्ये परवानगी असलेल्या बीटीखाली देशाच्या कापूस क्षेत्राचा सहा टक्क्यांच्या आसपासच भाग होता. गुजरातेत विनापरवाना बीटी बियाणे २००१ पासूनच पसरले होते, ते यात धरलेले नाही, हे खरे. तरीही इतकी मोठी उडी एकट्या बीटीने मारली, असे म्हणता येत नाही. २००२ चे वर्ष दुष्काळी होते, त्यामुळे सुरुवातीचा आकडाच खाली होता. त्याच सुमारास बोंडअळ्यांवर नवी परिणामकारक कीटकनाशके आली, खतांचा वापर वाढला, गुजरातेत पाणी आले आणि नवी जमीन कापसाखाली आली.

दुसरीकडे, बीटीचा काहीच उपयोग झाला नाही, हे म्हणणेही चुकीचे आहे. नव्वदच्या दशकात हिरवी बोंडअळी कोणत्याच फवारणीला दाद देत नव्हती आणि शेतकरी औषधांच्या उधारीत बुडाला होता. बीटीने त्या अळीपासून खरे संरक्षण दिले. २००० नंतरच्या दशकाच्या अखेरीस देशाचे ऐंशी-नव्वद टक्के क्षेत्र बीटीखाली गेले, ते शेतकऱ्याने स्वतः अनुभव घेतल्यामुळे. माझा आक्षेप वेगळा आहे. हे जनुक आपल्याकडे जवळजवळ केवळ संकरित वाणांतूनच आले. त्यामुळे सरळ वाण आणि देशी वाण दुकानांतून नाहीसे झाले, आणि मागील उत्तरात सांगितलेली विरळ, लांबलेली, महागड्या सरकीची पद्धत हलक्या जमिनीवरही पक्की झाली.

प्रश्न : गुलाबी बोंडअळीने २०१७ साली आमचे कंबरडे मोडले. ही अळी आता कायमची पुरवठा कमी करणार का? फरदड घ्यावी की नाही? (एक शेतकरी, ता. भोकरदन, जि. जालना)

उत्तर : गुलाबी बोंडअळीचे जीवन बोंडाच्या आत जाते, म्हणून ती फवारणीला सापडत नाही. तिला कापसावाचून दुसरे म्हणण्यासारखे खाद्य नाही, आणि तिची शेवटची पिढी सरकीत सुप्तावस्थेत पडून राहून पुढच्या हंगामाची वाट पाहते. या तिन्ही गोष्टी लक्षात घेतल्या, तर लांबलेला हंगाम तिच्या किती पथ्यावर पडतो ते कळेल. पीक डिसेंबरात उपटले, तर तिची पिढ्यांची साखळी तुटते. पाणी देऊन ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड म्हणून ठेवले, तर आपण तिला दोन पिढ्या अधिक वाढवून देतो आणि त्या फक्त आपल्याच शेतात राहत नाहीत.

दोन जनुकांचा बीटी कापूस २००६ मध्ये आला. त्यालाही ही अळी २०१४-१५ च्या सुमारास दाद देईनाशी झाली आणि २०१७-१८ मध्ये महाराष्ट्रभर मोठे नुकसान झाले. प्रतिकारशक्ती इतक्या लवकर का आली, याचे एक कारण संकरित वाणातच आहे. सरळ बीटी वाणाच्या बोंडातील प्रत्येक सरकीत विषद्रव्य असते. संकरित झाडाच्या बोंडात मात्र काही सरक्यांत दोन्ही विषद्रव्ये, काहींत एकच आणि काहींत एकही नाही, अशी सरमिसळ होते. बोंडातील अळीला त्यामुळे तग धरण्याची आणि सवय होण्याची संधी मिळते. अळीत प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये यासाठी कडेला बिगर-बीटी ओळी लावाव्यात म्हणून पाकिटासोबत वेगळी पुडी मिळत असे, ती बहुतेकांनी टाकून दिली, हेही नोंदवले पाहिजे.

शेतात ओळखायचे कसे, असे आणखी दोन पत्रांत विचारले आहे. पेरणीनंतर दीड-दोन महिन्यांनी सकाळी फुले पाहावीत. निरोगी फूल मोकळे उमलते. अळी आत असलेल्या फुलाच्या पाकळ्यांची टोके तिच्या धाग्यांनी एकमेकांत गुंतून राहतात आणि फूल अर्धवट मिटलेल्या गुलाबकळीसारखे दिसते. यालाच डोमकळी म्हणतात. ते उलगडले, तर परागकोश कुरतडलेले दिसतात आणि आत बारीक पांढरी अळी सापडते, कारण गुलाबी रंग तिला नंतर येतो. अशी फुले तोडून नष्ट करावीत. पुढे बोंड लागल्यावर बाहेरून काहीच दिसत नाही, कारण अळी आत शिरल्यावर छिद्र बुजून जाते. म्हणून एकरातून निरनिराळ्या झाडांची वीस-पंचवीस हिरवी बोंडे तोडून चिरून पाहिल्याशिवाय, आपल्या शेतात अळी नाही, असे म्हणू नये. वेचलेल्या कापसात दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या, तर त्यांच्या पोकळीत सुप्त अळी असण्याचा संभव मोठा असतो. असा कापूस घरात किंवा जिनिंगच्या आवारात उन्हाळाभर पडून राहिला, तर पुढच्या हंगामाची सुरुवात तेथूनच होते. नर पतंगांना भुलवून पकडणारे कामगंध सापळे जिनिंगच्या आवारातही लावावेत असे कृषी विभाग सांगतो, ते याचसाठी.

तेव्हा आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर असे : फरदड घेऊ नये, आणि सगळ्या गावाने डिसेंबरअखेर शेते मोकळी केली, पेरणी जूनपूर्वी केली नाही, तर ही अळी पुरवठा कायमचा कमी करू शकणार नाही. २०१७ नंतर ज्या भागांत हंगाम आवरता घेतला गेला, तेथे तिचा जोर ओसरलेला दिसला आहे.

प्रश्न : सोयाबीनने विदर्भातील कापूस खाल्ला, असे सर्रास म्हटले जाते. ते खरे आहे का? (एक वाचक, वाशीम)

उत्तर : वाशीमसारख्या जिल्ह्यापुरते बऱ्याच अंशी खरे, राज्यापुरते नाही. सोयाबीन आज राज्यात ५० लाख हेक्टरांच्या घरात, म्हणजे कापसापेक्षा अधिक क्षेत्रावर आहे. पण त्याच काळात कापसाचे क्षेत्रही वाढलेच. जागा गेली ती मुख्यतः खरीप ज्वारीची आणि मूग-उडदाची. अलीकडच्या दोन-तीन वर्षांत मात्र कापसाखालचे क्षेत्र आकसू लागले आहे. सोयाबीन शंभर दिवसांत यंत्राने निघते, कापूस हातांनी तीन-चार वेळा वेचावा लागतो आणि वेचणीची मजुरी किलोमागे मोजून द्यावी लागते, हे त्यामागचे सर्वांत ठळक कारण आहे.

प्रश्न : आम्ही यंत्रमागवाले सुताच्या भावावर जगतो. देशात इतका कापूस असताना बाहेरून रुई आणावी लागते, आणि आयात खुली केली की शेतकरी ओरडतो. यात कोणाचे बरोबर? (एक यंत्रमागधारक, इचलकरंजी)

उत्तर : दोघांचेही गाऱ्हाणे खरे आहे, कारण दोघेही एकाच तुटवड्याच्या दोन टोकांना उभे आहेत. २०११-१२ मध्ये भारताने सुमारे १३० लाख गाठी निर्यात केल्या होत्या. त्यानंतर गिरण्यांची चाती वाढली, उत्पादन मात्र विक्रमी वर्षानंतर घसरत तीनशे लाख गाठींच्या आसपास आले. २०२४-२५ च्या हंगामात आयात ४० लाख गाठींच्या घरात गेली. अतिलांब धाग्याची इजिप्शियन किंवा अमेरिकन पिमा रुई आपण पूर्वीपासून आणतो आणि पुढेही आणावी लागेल. नवी गोष्ट ही, की आता साधी २८-२९ मिलिमीटर लांब धाग्याची रुईही येऊ लागली आहे. तिच्यात पालापाचोळा आणि प्लॅस्टिकचे धागे कमी असतात, हे गिरणीवाल्यांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. वेचणी आणि साठवण सुती पिशवीतून झाली, तर यातील बराचसा दोष आपल्याकडेच दूर होईल.

आयातीवरील ११ टक्के शुल्क २०२१ मध्ये लागले आणि ऑगस्ट २०२५ पासून वर्षअखेरपर्यंत ते उठवले गेले. हा निर्णय नेमका नव्या कापसाच्या आवकेच्या तोंडावर आला. त्या हंगामासाठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता आणि खुला बाजार त्याच्या खाली राहिला, म्हणून शेतकऱ्याला कापूस महामंडळाच्या केंद्रांपुढे रांगा लावाव्या लागल्या. हिशेब पाहावा : ३५६ किलोंच्या एका खंडी रुईसाठी सुमारे साडेदहा क्विंटल कापूस लागतो, म्हणून खंडीच्या भावातील हजार रुपयांचा उतार शेतकऱ्याच्या क्विंटलमागे शंभरएक रुपये कमी करतो. स्वस्त रुई आणि शेतकऱ्याला परवडणारा भाव ही दोन्ही एकत्र साधायची असतील, तर ती हेक्टरी तीनशे-साडेतीनशे किलोंत साधणार नाहीत. शुल्क लावणे-उठवणे हा एका हंगामाचा इलाज आहे आणि तोही वेचणीच्या महिन्यांत करू नये, असे मला वाटते.

प्रश्न : आमच्या खारपाणपट्ट्यातील जमिनीत पुन्हा देशी कापूस घ्यावा असे मनात आहे. बियाणे मिळते का आणि पुढे विक्रीचे काय? (दोन शेतकरी, जि. अकोला)

उत्तर : बियाणे मिळते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे एकेए-७ आणि एकेए-८ हे देशी वाण आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने पीए-२५५ आणि पीए-४०२ यांसारखे तुलनेने लांब धाग्याचे देशी वाण काढले आहेत. विद्यापीठाच्या बियाणे विक्री केंद्रात मे महिन्यातच चौकशी करावी, कारण साठा मर्यादित असतो. देशी झाडाचे मूळ खोल जाते, रसशोषक किडींना ते चांगले तोंड देते, हंगाम पाच महिन्यांच्या आसपास संपतो आणि घरची सरकी पुन्हा पेरता येते. आपल्या भागातील जमिनीत ते पूर्वी टिकले ते याच गुणांमुळे.

लागवडीआधी दोन गोष्टींचा विचार अवश्य करावा. देशी बोंड लहान असते आणि उमलल्यावर कापूस बोंडात धरून ठेवत नाही, तो गळून मातीत पडतो. त्यामुळे वेचण्या वारंवार कराव्या लागतात आणि मजुरी वाढते. घरचे हात किती, हे आधी मोजावे. दुसरे म्हणजे, आखूड धाग्याची देशी रुई अमेरिकन रुईत मिसळली तर दोन्हींचा भाव पडतो, म्हणून तिची जिनिंग वेगळी व्हायला हवी. वैद्यकीय कापूस तयार करणारे कारखाने आणि हातमागाचे सूत काढणारे गट आखूड देशी रुई घेतात, परंतु त्यांना ती गाडीभर, एकजात लागते. गावातील दहा-पंधरा शेतकऱ्यांनी एकच वाण धरावा, पेरणीपूर्वी जिनिंगवाल्याशी वेगळ्या पाळीचे बोलणे करून घ्यावे आणि खरेदीदाराला मागील वर्षाच्या रुईचा नमुना दाखवावा. धाग्याची लांबी आणि मजबुती मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संस्थेकडून तपासून घेता येते. तो अहवाल हातात असेल, तर भावाची बोलणी करताना आपली बाजू भक्कम राहील.